कृत्रिम रबराची चाकूमूठ : टिकाऊपणा

चाकूच्या मुठीसाठी कृत्रिम रबर म्हणून जे वापरले जाते त्यात अनेक निरनिराळी बहुवारिके येतात आणि त्यांचे आयुष्य सारखे नसते. ओल्या, तेलकट किंवा गारठलेल्या हातातून मूठ निसटू नये, घाव घालताना बसणारा हादरा मनगटापर्यंत पोचू नये आणि मुठीने पाणी शोषू नये, या तीन कारणांसाठी रबर निवडले जाते. अमेरिकन मरीन सैनिकांसाठी 1942 मध्ये स्वीकारलेल्या लढाऊ चाकूला चामड्याच्या चकत्यांची मूठ होती. दमट हवेत चामड्यावर बुरशी चढते आणि ते कुजते. त्याच घडणीच्या चाकूंना का-बार कंपनीने पुढे क्रेटॉन-जी या रबराच्या मुठीही बसवल्या. स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांना दिला जाणारा फेल्कनीवेन एफ-1 हा चाकूही थर्मोरन या रबरासारख्या बहुवारिकाच्या मुठीचा आहे.

जुन्या पद्धतीचे रबर गंधकाने व्हल्कनीकरण करून पक्के केले जाते. ते एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. आजच्या बहुतेक मुठी मात्र उष्णतेने वितळणाऱ्या रबराच्या असतात. तापवलेला द्रव साच्यात, थेट पोलादाभोवती, दाबाने भरला की थंड होताच मूठ तयार होते. शेल कंपनीने 1960 च्या दशकात विकसित केलेले क्रेटॉन हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या रेणूसाखळीची दोन्ही टोके कडक पॉलिस्टायरीनची आणि मधला भाग लवचीक असतो. टोके एकत्र येऊन पुंजके बनवतात आणि गंधकाविनाच सगळी रचना बांधून ठेवतात.

मुठीचे आयुष्य मुख्यतः त्या मधल्या भागावर ठरते. त्यात कार्बनचे दुहेरी बंध शिल्लक असतील तर हवेतला ओझोन नेमका तेथेच साखळी तोडतो. ताण असलेल्या जागी, म्हणजे कडांना आणि बाकावर, आधी बारीक चिरा दिसतात. स्टायरीन-ब्यूटाडाईन व नायट्राइल रबर यांचा हा दोष आहे. क्रेटॉन-जी मध्ये हायड्रोजन घालून मधल्या भागातले हे दुहेरी बंध भरून टाकलेले असतात. ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत ते मुळातच नसतात. म्हणून ऊन आणि ओझोन यांना हे दोन्ही कितीतरी चांगले तोंड देतात. बहुतेक मुठी काळ्या असतात, तो केवळ पसंतीचा भाग नाही: रबरात मिसळलेली काजळी अतिनील किरण शोषून आतल्या भागाचे रक्षण करते.

उन्हाला दाद न देणारे हे रबर तेलापुढे मात्र नमते. क्रेटॉन-जीच्या मिश्रणात मऊपणासाठी खनिज तेलच घातलेले असते, त्यामुळे बाहेरचे खनिज तेल, रॉकेल वा पेट्रोलही ते सहज आत घेते, फुगते आणि लिबलिबीत होते. गंमत अशी की पाते गंजू नये म्हणून मालक जे तेल प्रेमाने चोळतो तेच मुठीला बाधते. नायट्राइलचे नेमके उलटे: तेलाला पक्के, ओझोनला कच्चे. पाणी, साबण आणि व्हिनेगर यांचे मात्र या रबरांना फारसे भय नसते. डीईईटी असलेली डासप्रतिबंधक मलमे काही प्लॅस्टिके व कृत्रिम रबरे विरघळवू शकतात, हे जंगलात चाकू वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

उष्णता हा दुसरा शत्रू. सुमारे 100 अंश सेल्सिअसला पॉलिस्टायरीनचे पुंजके सैल होऊ लागतात, म्हणून शेगडीला टेकलेली मूठ कायमची वाकडी होते. थंडीत उलट फारसे बिघडत नाही. गोठणबिंदूच्या बऱ्याच खालीही लवचिकपणा राहतो.

जुनी मूठ चिकट होण्याची तक्रार सर्रास ऐकू येते. बहुधा मऊपणासाठी घातलेले द्रव पृष्ठभागावर येतात किंवा साखळ्या तुटून पदार्थच विघटित होतो. कडक प्लॅस्टिकवर दिलेल्या पॉलियुरेथेनच्या पातळ मुलायम थराला दमट हवेत हे विशेष लवकर होते. अशा मुठीला रबरी म्हणणे ही विक्रेत्याची चलाखी. असा थर धुऊन पूर्ववत होत नाही.

नुसत्या घासण्याने रबर चटकन झिजत नाही, पण पकडीसाठी कोरलेली नक्षी गुळगुळीत होते आणि मऊ मूठ दगडावर आपटली की फाटते. याहून गंभीर दोष डोळ्यांना दिसत नाही. मुठीत शिरलेले पोलाद आणि रबर यांच्या फटीतून पाणी आत गेले तर तेथे गंज धरतो, आणि साच्यात ओतलेली मूठ काढून तपासता येत नाही. रिव्हेटने जोडलेल्या लाकडी मुठीप्रमाणे ती घरी बदलताही येत नाही. कापून काढावी लागते. मासे साफ करणे, शिकार, पावसातली भटकंती यांसाठी क्रेटॉन-जी वा ईपीडीएमवर आधारलेली मूठ उत्तम. इंधन आणि वंगणात हात घालावा लागणाऱ्या कामाला काचतंतू घातलेल्या नायलॉनची मूठच जास्त टिकते.