ओल, वारा आणि लोकर : नॉर्वेतील मुलांच्या हिमवस्त्रांचा इतिहास

नॉर्वेत स्की हे मुळात खेळाचे साधन नव्हते. हिवाळ्यात वाटा बुजल्या की शेजारच्या वस्तीवर, रानात लाकडांसाठी किंवा शिकारीला जाण्याकरिता पायांना लांब लाकडी फळ्या बांधल्या जात आणि घरातील मुलेही त्या फळ्यांवरच वाढत. त्यामुळे मुलांसाठी स्कीचे कपडे म्हणून वेगळे काही शिवण्याची कल्पना खेड्यांत फार उशिरा आली. रोजच्या वापरातील लोकरीचे कपडेच बर्फातही अंगावर असत. त्या कपड्यांचा गाभा होता ‘वाद्मेल’. लोकरीचे कापड विणून झाल्यावर ते ओले करून तुडवले, घोटले जाई, त्यामुळे ते आटून तंतू एकमेकांत गुंतत, विणीतील फटी जवळजवळ बुजत आणि वारा अडवणारे जाड कापड तयार होई. महाराष्ट्रातील घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन ती पावसापुरती घट्ट केली जाते, त्याची येथे आठवण होते. दोन्ही ठिकाणी मेंढपाळाच्या अनुभवाने एकच प्रश्न सोडवला आहे.

हा प्रश्न केवळ थंडीचा नाही, ओलीचा आहे, आणि मुलांच्या बाबतीत तो अधिक बिकट होतो. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेऊनही हाताला ओला लागत नाही. उलट ओलावा शोषताना तो थोडी उष्णता बाहेर टाकतो. सुती कापड मात्र पाणी धरून ठेवते आणि अंगाला चिकटते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्याने घामाने भिजलेला सुती सदरा बर्फात अंगातील ऊब झपाट्याने काढून घेतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढापेक्षा जास्त असते, म्हणून ते लवकर गारठते. शिवाय मूल बर्फावरून नुसते घसरत जात नाही, ते पडते, बसकण मारते, लोळते आणि हातमोजा काढून बर्फ तोंडात घालते.

हातमोज्यांचा इतिहास तर विशेष सांगण्याजोगा आहे. ट्रॉन्डहाइमच्या आग्नेयेस असलेल्या सेल्बू या गावातील मारित गुल्सेटब्रुआ ही किशोरवयीन मुलगी १८५७ मध्ये काळ्यापांढऱ्या लोकरीचे, आठ पाकळ्यांची चांदणी असलेले हातमोजे घालून बहिणींसह चर्चला गेली, आणि त्या नक्षीतून पुढे गावाचा मोठा उद्योग उभा राहिला. या विणीत दोन रंगांचे धागे बरोबर चालवले जातात. ज्या टाक्याला एक धागा दिसतो, तेथे दुसरा मागून जातो. त्यामुळे हातमोजा आतून दुपदरी होतो, म्हणजे शोभेची म्हणून ओळखली जाणारी नक्षीच ऊबही धरते. हे विणकाम करणाऱ्या स्त्रियांचे कौशल्य इतिहासात आजही पुरेसे मोजले जात नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

लोकर ऊब देत असली तरी बोचऱ्या वाऱ्यापुढे एकटी पुरत नाही. १८८८ मध्ये नॉर्वेजियन शोधप्रवासी फ्रिट्योफ नान्सेन यांनी पाच साथीदारांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले आणि त्यांच्या ग्रंथाने स्कीची आवड युरोपभर पसरवली. ‘अनोरॅक’ हा डोक्यावरून घालायचा, टोपी जोडलेला अंगरखा मूळचा त्याच ग्रीनलंडमधील इनुइटांचा, आणि हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. लोकरीवर पातळ, वारारोधक कापडाचा असा पदर घालण्याची रीत पुढे मुलांच्या कपड्यांतही रुळली. १९३३ मध्ये नॉर्वेजियन लष्करी अधिकारी हेन्रिक ब्रुन यांनी मासेमारीच्या जाळ्यांपासून आतील बनियन तयार केले. जाळीच्या भोकांत कोरडी हवा अडकते आणि घाम बाहेरच्या पदराकडे जातो, हे त्यामागील तत्त्व.

मुलाच्या टोपीलाही राजकीय अर्थ आला, असा काळ नॉर्वेने पाहिला. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या दिवसांत लाल, टोकदार विणलेली ‘निसेलुए’ ही टोपी मूक प्रतिकाराची खूण बनली, तेव्हा ट्रॉन्डहाइममध्ये २६ फेब्रुवारी १९४२ पासून ती घालण्यास बंदी करण्यात आली आणि १४ वर्षांखालील मुलाने ती घातल्यास पालकांना जबाबदार धरण्याचे जाहीर झाले. सकाळी मुलाच्या डोक्यावर कोणती टोपी घालावी, हा आईचा साधा निर्णय त्या हिवाळ्यात शिक्षेच्या भीतीखाली घ्यावा लागला.

युद्धानंतर नायलॉन आले. १९६९ मध्ये बॉब गोर यांना ताणलेल्या टेफ्लॉनचा सच्छिद्र पडदा सापडला, ज्यातून वाफ बाहेर जाते पण पाण्याचा थेंब आत येत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅल्डन मिल्स या गिरणीने पॉलिएस्टरचे मऊ फ्लीस तयार केले. या नव्या कापडांनी वाद्मेलचे काम वाटून घेतले, तरी पदरांचा क्रम बदलला नाही : अंगालगत ओल दूर नेणारा, मध्ये ऊब धरणारा, बाहेर वारा आणि बर्फ अडवणारा. नॉर्वेतील पालक आजही मुलाच्या अंगालगत बहुधा लोकरच घालतात. बाहेरच्या पदरात मात्र एक बदल खास मुलांसाठी झाला : टोपीची नाडी झोपाळ्यात, घसरगुंडीत अडकून गळा आवळला गेल्याच्या घटनांनंतर युरोपीय मानक ई.एन. १४६८२ ने सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत गळ्यापाशी आणि टोपीला नाडी ठेवण्यास मनाई केली, आणि तेथे आता इलास्टिक, बटण किंवा चिकटपट्टी लावली जाते.