टाटा बाप-लेक आणि जर्मनीतली दोन 'बाड' गावं

परवा एका मित्राने ट्रॅव्हल कंपनीचं पत्रक पाठवलं. युरोपातल्या जुन्या स्पा गावांची सहल. पंचतारांकित हॉटेल, गरम झऱ्याचं स्नान, मसाज, संध्याकाळी कसिनो. भाव वाचून मीच गार पडलो! त्यावर त्याचा प्रश्न, "तू फ्रँकफर्टला होतास ना, यातलं काही पाहिलंस का?"

पाहिलंय. पण मसाज-बिसाज नाही. गेलो होतो ते वेगळ्याच कारणाने.

तेव्हा मी फ्रँकफर्टला ऑनसाइट होतो. एका गुरुवारी पुण्याहून आईचा फोन आला. "बाबांच्या छातीत दुखत होतं, अ‍ॅडमिट केलं, अँजिओप्लास्टीही झाली. आता बरे आहेत, उगाच धावत येऊ नकोस." रिलीज तोंडावर होतं, मी गेलो नाही. शनिवारी खोलीत बसवेना. मग असाच लोकल पकडून अर्ध्या तासावरच्या बाड नाउहाइमला गेलो. नाव ऐकलेलं होतं, कारण १९ मे १९०४ रोजी जमशेटजी टाटा तिथे वारले.

(बाड म्हणजे जर्मनमध्ये स्नान. इंग्रजी 'बॅड'शी संबंध नाही, माझा मूड सोडला तर.)

गाव मुळात मिठाचं. जमिनीतून खारं पाणी येतं आणि लोक ते आटवून मीठ करायचे. आपल्याकडे मिठागरात हे काम ऊन करतं, पण जर्मनीत ऊन कुठलं? मग त्यांनी लाकडाच्या उंच भिंती उभारल्या, त्यात काटेरी झुडपांच्या फांद्या ठासल्या आणि वरून पाणी ठिबकत सोडलं. वाऱ्याने पाणी उडतं, खाली येईपर्यंत मिठाचं प्रमाण वाढलेलं असतं. सरपणाची बचत! या भिंती आजही आहेत. शेजारच्या बाकावर बसलं की समुद्रावर बसल्यासारखी खारट हवा लागते.

डिसेंबर १८४६ मध्ये इथे एका बोअरमधून गरम, फसफसणारं पाणी कारंज्यासारखं उसळलं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला. मिठाचं गाव हळूहळू दवाखान्याचं गाव झालं. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतले कसिनो बंद झाले, तेव्हा अशा गावांचं मोठं उत्पन्न गेलं. पण नाउहाइमला दुसरा आधार सापडला: हृदयरोगी. आउगुस्ट आणि थेओडोर शॉट या डॉक्टर भावांनी फसफसतं स्नान आणि मोजूनमापून व्यायाम अशी पद्धत बसवली आणि ती जगभर गाजली. अमेरिकेचे पुढचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट लहानपणी इथे आले ते वडिलांच्या हृदयविकारामुळे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १८९८ मध्ये आली, रशियाची झारीण १९१० मध्ये. आजचं पत्रक विकतं ती 'लक्झरी' मुळात आजारी श्रीमंतांची होती. बागा, बँड, भव्य हॉटेलं हे सगळं पथ्य सुसह्य व्हावं म्हणून!

आता उपचाराचा उपयोग किती? त्या पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब थोडा उतरतो, माणसाला बरं वाटतं. पण तुंबलेली धमनी त्याने उघडत नाही. १९०४ मध्ये ती उघडणं कुणालाच येत नव्हतं. आइंटहोवेनचं ईसीजी यंत्रसुद्धा तेव्हा जेमतेम प्रयोगशाळेत आलेलं.

आजारी जमशेटजी ६५ व्या वर्षी इथे वारले, तेव्हा त्यांच्या नावावर काय काय होतं बघा. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. मुंबईचं ताज डिसेंबर १९०३ मध्ये उघडलेलं, म्हणजे जेमतेम पाच महिने झालेले. बाकी सगळं कागदावर. पोलाद कंपनी १९०७ मध्ये निघाली, बंगलोरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये, खोपोलीची वीज १९१५ मध्ये आली. आमच्या भाषेत सांगायचं तर डिझाइन डॉक्युमेंट तयार आणि आर्किटेक्ट गेला! ते 'इम्प्लिमेंट' करण्यात थोरला मुलगा दोराबजी पुढे होता.

आणि योगायोग असा की दोराबजीही जर्मनीतल्याच 'बाड' गावात गेले. ३ जून १९३२, बाड किसिंगेन. हे गाव जास्त दिमाखदार. बिस्मार्कवर १८७४ मध्ये गोळी झाडली गेली ती इथेच. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातली ११ थोर स्पा गावं जागतिक वारशात घेतली, त्यात बाडेन-बाडेन आणि कार्लोव्ही व्हारीच्या बरोबरीने हेही आहे.

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई जून १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांची समाधी इंग्लंडमधल्या ब्रुकवुडच्या पारशी दफनभूमीत आहे, जमशेटजींचीही तिथेच. मेहेरबाईंना जाऊन वर्ष व्हायला पंधरवडा कमी असताना दोराबजी गेले. पण त्याआधी त्यांनी दोन गोष्टी केल्या. आपली जवळजवळ सगळी मालमत्ता ट्रस्टला दिली. आणि बायकोच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही पुढे विकला गेला, पैसे ट्रस्टकडे गेले. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये उघडलं ते दोराबजींच्या ट्रस्टच्या पैशातून.

मला चटका लावून गेली ती दुसरीच गोष्ट. नाउहाइममध्ये फिरताना केर्कहोफ संस्थेची इमारत दिसली. लॉस एंजेलिसचे विल्यम केर्कहोफ इथले रुग्ण. ते १९२९ मध्ये वारले आणि त्यांच्या बायकोने, लुईसने, डॉ. फ्रान्झ ग्रोडेल यांच्यासाठी हृदयरोगाची संशोधन संस्था काढायला पैसे दिले. १९३१ मध्ये ती उघडली. हिटलर आल्यावर ज्यू वंशाच्या ग्रोडेलना देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेच्या कार्डिऑलॉजी कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले. संस्था मात्र टिकली, आज ती हृदय आणि फुप्फुसांच्या संशोधनाची माक्स प्लांक संस्था आहे.

म्हणजे एकमेकांना न ओळखणारे, पण आपलं माणूस गमावलेले दोघं, एक अमेरिकन आणि एक मुंबईकर. वर्षा-दोन वर्षांच्या फरकाने दोघांनाही तेच सुचलं. सगळा पैसा ओतून जे विकत मिळालं नाही, ते निदान पुढच्यांना मिळावं.

आणि मिळालंही की! १९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग नावाच्या जर्मन डॉक्टरने झुरिकमध्ये फुगा घालून हृदयाची धमनी पहिल्यांदा उघडली. जमशेटजींना जाऊन ७३ वर्षं झाली होती. त्यांच्याकडे बोट, नोकरचाकर, युरोपातले उत्तम डॉक्टर, सगळं होतं. माझे बाबा बँकेतून रिटायर झालेले कारकून. रिक्षातून हॉस्पिटलात गेले आणि चौथ्या दिवशी घरी आले.

त्या खारट भिंतीशेजारी बसून मी घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. "कुठे आहेस?" म्हणाले. म्हटलं, "जमशेटजी टाटा वारले त्या गावात."

"शुभ बोल रे नाऱ्या," म्हणाले आणि हसले. मग हळूच विचारलं, "तिथे बरं होतं का रे माणूस?"

मी म्हटलं, "तुमच्यासारखं नाही."

सोमवारी मॅनेजरकडे रजा मागितली. रिलीज माझ्याशिवाय झालं. काही बिघडलं नाही.

असो. मित्राला कळवलंय: जरूर जा, मसाजही घे. पण तासभर त्या काटक्यांच्या भिंतीपाशी बस. त्याचे पैसे पडत नाहीत.