अप-डाउन आणि 'गिव्ह इट अप'

गोंदियात 'अप' आणि 'डाउन' कोणाला शिकवावे लागत नाहीत. नोकरीसाठी रोज तुमसरला किंवा नागपूरला जाणारा माणूस 'मी अप-डाउन करतो' असं सांगतो आणि त्यात त्याला इंग्रजी दिसतही नाही. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग १८८० च्या दशकात इथून गेला. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. पुढे जबलपूरकडची छोटी लाइन आली आणि गोंदिया जंक्शन झालं. हे शब्द आमच्याकडे पुस्तकातून आले नाहीत, फलाटावरून आले. म्हणूनच घरी पोवारी बोलणाराही ते सहज उच्चारतो.

'स्टँड अप'चंही तेच. गुरुजी ओरडायचे 'स्टँडप!' आणि पोरं उभी राहायची. 'डप' म्हणजे काय, असं कोणी विचारलं नाही!

पुस्तकातून आलेल्या शब्दांची गत वेगळी झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसाच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि ते ऋण मोठंच आहे. पण भाषांतराची ही रीत डोळ्यांची होती, कानांची नव्हती. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. दोन्ही मिळून 'सोडून देणे' हे आम्ही पाठ केलं. म्हणताना मात्र दोन शब्दांमध्ये भिंत राहिली.

तरुणपणी एका मुलाखतीत आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञान सोडून दुसरा विषय घ्याल का? आम्ही बाणेदारपणे म्हणालो, 'आय वोन्ट गिव्ह. इट. अप.' सगळा जोर 'गिव्ह'वर. समोरचे गृहस्थ म्हणाले, 'गिव्ह व्हॉट? टू हूम?' आमचा बाणेदारपणा तिथेच संपला. नोकरी मिळाली नाही. उच्चारामुळेच गेली असं म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून आम्ही तोंड उघडायला भ्यायलो, आणि ती भीती दहा-बारा वर्षं पुरली.

चूक कुठे होती? मराठीत 'सोडून दे' म्हणताना मुख्य अर्थ 'सोडून'मध्ये असतो, 'दे' मागून चालतो. आपण तीच सवय इंग्रजीत नेतो. इंग्रजीत अशा वाक्याच्या शेवटी आघात 'अप'वर येतो आणि मधला 'इट' जवळजवळ गिळला जातो: 'गिव्हिटप'. मागे नाम आलं तर जोर बहुधा त्या नामावर सरकतो. 'पिक अप द बॅग'मध्ये 'बॅग'वर. आणि जोडीचंच नाम झालं की आघात पुढे येतो, जसं 'चेकअप', 'मेकअप'. ही नामं मात्र आपण बरोबर म्हणतो, कारण ती दवाखान्यातून आणि नाटकातून कानावर आली. सगळ्याच 'लहान' शब्दांना हा मान नाही, बरं का. 'लुक ॲट इट'मध्ये जोर 'लुक'वरच.

या जोडक्रियापदांना लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे स्वतंत्र नाव रूढ झालं. स्पॅनिश बोलणारेही इथेच अडखळतात, कारण त्यांच्या भाषेतही अक्षरं साधारण सारख्या मापानं चालतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, गोंदिया जिल्हा झाल्यानंतर एका वर्षानं. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिका मुलांना आधी पुस्तक उघडू देत नाहीत. खडू खाली टाकतात आणि म्हणतात, 'पिकिटप!' दिवा दाखवून म्हणतात, 'टर्निटॉफ!' पोरं धावतात. शब्द फळ्यावर सुटे करून लिहायचं काम त्या दुसऱ्या दिवशी करतात.