इको, एक आकडा आणि पक्षाघात

संशोधनाचा प्रश्न कुठून येतो, असं तुम्ही विचारता. बऱ्याचदा आधीच्या उत्तरातून. हा इतिहास बघा.

१९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र उसनं आणलं आणि हृदयाच्या हालचालीचे प्रतिध्वनी टिपले. इकोची सुरुवात ती. पुढे इको आणि इतर इमेजिंगमुळे इजेक्शन फ्रॅक्शन मोजता येऊ लागलं, म्हणजे डावी जवनिका दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा. जवनिका कमकुवत झाली की रक्त साचतं, गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत अडकली की पक्षाघात होतो.

१९९७ मध्ये 'सेव्ह' चाचणीच्या माहितीतून दिसलं, की हार्ट अटॅकनंतर हा आकडा दर ५ अंकांनी घटला की पक्षाघाताचा धोका १८ टक्के वाढतो. मग सगळ्यांना रक्त पातळ करायचं औषध द्यायचं का? २०१२ च्या 'वॉरसेफ' चाचणीत २,३०५ रुग्ण होते. वॉरफरिनने इस्केमिक पक्षाघात घटले, पण मोठे रक्तस्राव वाढले. एकूण हिशोबात ते अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरलं नाही.

'नेव्हिगेट इसस' ही कारण न सापडलेल्या पक्षाघातावरची चाचणी. तिथेही २०१८ मध्ये रिव्हरॉक्साबान सरस ठरलं नाही. २०२१ मध्ये त्याच माहितीत कमकुवत जवनिकेचे रुग्ण वेगळे काढले, तर त्यांना फायदा दिसला!

इथे थांबा. हा गट चाचणी संपल्यावर निवडलेला आहे, म्हणून हे उत्तर नाही, गृहीतक आहे. त्यावर औषध लिहिलं तर मेंदूतल्या रक्तस्रावाची जोखीम रुग्णाच्या माथी येते. त्यावर नवी चाचणी आखणं, हे आपलं काम.