बाबांची वही आणि चार व्हॉल्व्ह

माळा आवरायला काढला की काहीतरी सापडतंच. या वेळी बाबांची एक वही सापडली. करड्या पुठ्ठ्याची, कडा वाळवीने थोड्या खाल्लेल्या, आणि आत निळ्या शाईने काढलेली सर्किटं. प्रत्येक रेघ पट्टीने मारलेली आणि प्रत्येक रेझिस्टन्सची किंमत बारीक अक्षरात लिहिलेली. शेवटच्या काही पानांवर एका अमेरिकन प्रीॲम्प्लिफायरचं सर्किट होतं आणि वर कोपऱ्यात '१९६३, चर्चगेट' एवढंच.

बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, ते होय! ते डायनाकोचं. लायब्ररीत बसून उतरवून घेतलं होतं." मुंबईत नोकरीला असताना संध्याकाळी लोकल पकडण्याआधी ते चर्चगेटच्या अमेरिकन लायब्ररीत जाऊन मासिकं वाचायचे, हे मला ठाऊक होतं. पण तिथे बसून ते अशी सर्किटं उतरवून घेत होते, हे मला माझ्या पन्नाशीत कळलं. असो.

थोडं मागे जाऊया, कारण त्याशिवाय ही वही कळणार नाही.

किट विकत घेऊन घरी यंत्र बनवायची कल्पना ध्वनीच्या शौकिनांकडून आली नाही, ती आली विमानांकडून! अमेरिकेत एडवर्ड हीथ नावाचा माणूस १९२० च्या दशकात छोटी विमानं सुट्या भागांत विकायचा. पत्रक वाचा, घरी जोडा आणि उडवा. तो १९३१ साली नव्या विमानाची चाचणी घेताना अपघातात गेला. पुढे कंपनी बुडाली आणि १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने ती विकत घेतली. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारकडे इलेक्ट्रॉनिक भागांचे ढीग पडले होते. अँथनीने ते कवडीमोलाने उचलले आणि १९४७ साली त्यातून एक ऑसिलोस्कोपचं किट बाजारात आणलं. मिशिगनमधल्या बेंटन हार्बर गावातून निघालेलं हे 'हीथकिट' नाव पुढे अमेरिकेतल्या कितीतरी घरांच्या तळघरांत पोहोचलं. (अँथनीही १९५४ मध्ये विमान अपघातातच गेला. योगायोग म्हणायचा, दुसरं काय.)

हीथकिटचं खरं भांडवल सुटे भाग नव्हतं, पुस्तिका होती. प्रत्येक वायर किती लांब कापायची, कुठून कुठे न्यायची, ती झाली की शेजारच्या छोट्या चौकटीत टिक करायची. इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही त्यात यश मिळायचं. आपल्याकडे पाककृतींची पुस्तकं 'अंदाजाने मीठ घाला' म्हणून मोकळी होतात, त्याच्या अगदी उलट.

आता मुळात प्रीॲम्प्लिफायर लागतोच कशाला? तबकडीच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा मॅग्नेटिक पिकअपमधून जेमतेम काही मिलिव्होल्टचा संदेश येतो. मुख्य ॲम्प्लिफायरला हवा असतो व्होल्टच्या आसपासचा. म्हणजे आधी शंभरेक पट वाढवायला हवा, आणि तोही असा की संदेशाबरोबर घरातल्या विजेची गुणगुण शंभर पट वाढणार नाही. हे एक.

दुसरी भानगड जास्त मजेची आहे. खर्जाचे सूर आहेत तसे कोरले तर खाच एवढी रुंद होते की तबकडीवर पाच मिनिटांचंही गाणं मावणार नाही. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरच्या पट्टीतले सूर वाढवतात. वाजवताना हे सगळं बरोबर उलटं करायचं. पण किती कमी, किती जास्त? १९५४ मध्ये अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने एक वक्र ठरवला. तो आरआयएए वक्र म्हणून ओळखला जातो आणि आजही तोच चालतो. त्याआधी प्रत्येक कंपनीचं आपापलं गणित होतं. न्यूयॉर्कमध्ये सॉल मॅरांट्झ नावाचा संगीतवेडा माणूस याला इतका वैतागला की त्याने राहत्या घरात स्वतःच एक प्रीॲम्प्लिफायर बनवला, ज्यावर अशा जोडण्यांचे ३६ पर्याय होते! मित्रांना तो आवडला, बायकोने आणखी बनवायला सांगितलं आणि बघता बघता त्याची कंपनी उभी राहिली. स्वतःच्या रेकॉर्ड नीट ऐकायच्या होत्या, बाकी काही नाही.

पण मॅरांट्झचं यंत्र साध्या पगारदाराच्या आवाक्यातलं नव्हतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेला त्याचा सहा व्हॉल्व्हचा 'मॉडेल ७' अडीचशे डॉलरच्या घरात जायचा. इथे बाबांच्या वहीतला माणूस येतो, फिलाडेल्फियाचा डेव्हिड हॅफलर. त्याने आणि हर्बर्ट केरोज यांनी १९५१ मध्ये 'अल्ट्रा-लिनिअर' जोडणीवर लेख लिहिला होता. (त्या जोडणीचं मूळ इंग्लंडच्या ॲलन ब्लमलाइनच्या १९३७ च्या पेटंटमध्ये आहे, पण लोकप्रिय केली ती या दोघांनी.) १९५५ मध्ये हॅफलरने एड लॉरेंटबरोबर डायनाको काढली. त्यांचा विचार सरळ होता. सर्किटमध्ये जेवढे भाग कमी तेवढ्या चुका कमी. जिथे नवखा माणूस गडबडेल तो भाग छापील पट्टीवर कारखान्यातच जोडून द्यायचा, उरलेलं जेवणाच्या टेबलावर होईल. त्यांच्या 'स्टिरिओ ७०' या १९५९ च्या पॉवर ॲम्प्लिफायरचे साडेतीन लाखांहून जास्त नग विकले गेले.

त्याचा जोडीदार म्हणजे 'पीएएस-२', १९६० च्या सुमाराचा. स्टिरिओ, आत फक्त चार ईसीसी ८३ व्हॉल्व्ह (अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात) आणि एक छोटा रेक्टिफायर व्हॉल्व्ह. ईसीसी ८३ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. तेव्हा प्रत्येक बाजूला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे चार टप्पे. पहिले दोन पिकअपचा संदेश वाढवतात आणि फीडबॅकमधूनच तो आरआयएए वक्र सरळ करतात. पुढचे दोन ट्रेबल-बास सांभाळतात. फिलामेंटला एसीऐवजी डीसी दिलंय, म्हणजे विजेची गुणगुण मुळातच कमी. एवढ्या काटकसरीत इतकं चांगलं ऐकू येतं याचं अजून कौतुक होतं. हे किट साठेक डॉलरला मिळायचं.

साठ डॉलर म्हणजे तेव्हाचे सुमारे तीनशे रुपये. बाबांचा पगार त्याहून कमी होता, पण ती खरी अडचण नव्हतीच. १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक बंधनं आली होती. गाणं ऐकायच्या यंत्रासाठी कोण परवाना देणार! बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले होते, ते मिळायचे. बाबांनी जवळजवळ सगळे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर हिंडून जमवलेही. मग आत्याचं लग्न ठरलं आणि ते विकले. हे त्यांनी मला सांगितलं ते अगदी 'त्या वर्षी पाऊस कमी झाला' अशा सुरात.

तर गेल्या दिवाळीच्या आधी मी त्याच नकाशावर बेतलेलं एक किट परदेशातून मागवलं. व्हॉल्व्ह स्लोव्हाकियात बनलेले, ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा. मूळ यंत्रात फिलामेंटच्या डीसीसाठी सेलेनियमचा रेक्टिफायर असायचा. तो म्हातारा झाला की दगा देतो आणि जळताना घरभर घाण वास सोडतो. नव्यात साधे सिलिकॉनचे डायोड आहेत. बाकी तेच.

बाबा आता ८७ वर्षांचे आहेत. हात थरथरतात, त्यामुळे सोल्डरिंग माझ्याकडे. ते शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि भिंगातून प्रत्येक सांधा तपासायचे. "हा ड्राय सोल्डर आहे. परत तापव." मी म्हणायचो, "बाबा, चमकतोय की!" ते काही न बोलता भिंग माझ्या हातात द्यायचे. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा त्यांनी मला डावा हात खिशात घालायला लावला. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी खेळत असतं आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ राहतं. दोन्ही हात आत असले तर धक्का छातीतून जातो. जुन्या रेडिओवाल्यांची ही शिस्त.

व्हॉल्व्ह लालसर उजळले. कुमारांची एलपी लावली. गाणं सुरू झालं आणि मी खूश झालो. बाबांकडे बघितलं तर ते कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"घुमतंय," ते म्हणाले.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मनात आलं ते असं, की यांना हल्ली दाराची बेल ऐकू येत नाही, मोबाईलची रिंग ऐकू येत नाही, घुमणं कुठून ऐकू येणार? मी हे बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ते उठले आणि त्यांनी स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवला. मग मलाही ठेवायला लावला. सुई उचललेली होती आणि लाकूड अगदी हलकं थरथरत होतं.

वयाने आधी वरचे सूर जातात, खर्ज बराच काळ शाबूत राहतो. हे मी कानाच्या डॉक्टरांकडून ऐकलेलं होतं, त्यांनाच घेऊन गेलो होतो तेव्हा. पण लक्षात कोण ठेवतो.

"शंभराचा नाहीये, पन्नासाचा आहे," बाबा म्हणाले. "फिल्टर ठीक आहे. अर्थ दोन ठिकाणी दिलायस का?"

याचा अर्थ असा की फिल्टरचा कंडेन्सर कमजोर असता तर दोन्ही अर्ध्या लहरी वापरणाऱ्या रेक्टिफायरमुळे सेकंदाला शंभर कंपनांची करकर आली असती. निव्वळ पन्नासाची घुमघुम म्हणजे विजेचा मूळ सूर, आणि तो बहुधा अर्थच्या वायरचं वेटोळं झालं की शिरतो. मी आत बघितलं. पुस्तिकेत अर्थ एकाच ठिकाणी डब्याला जोडायला सांगितला होता. मी आपल्या शहाणपणाने पिकअपच्या सॉकेटपाशी आणखी एक जोड दिला होता, 'मजबूत असलेला बरा' म्हणून. तो कापला. लाकूड शांत झालं.

बाबांनी मला एका शब्दाने सुनावलं नाही. मी मात्र त्या दिवशी त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलत होतो, हे बायकोच्या लगेच लक्षात आलं.

किटचा धंदा पुढे संपलाच. व्हॉल्व्हच्या काळात यंत्राच्या किमतीत जोडणीच्या मजुरीचा वाटा मोठा होता, तो वाचायचा म्हणून किट स्वस्त पडायचं. आयसी आल्या, जोडणी मशीन करायला लागलं आणि तयार माल किटपेक्षा स्वस्त झाला. हीथकिटने १९९२ मध्ये किट बंद केली. डायनाको त्याच्या बरीच आधी दुसऱ्यांच्या हातात गेली होती. हॅफलरने १९७७ मध्ये स्वतःच्या नावाची नवी कंपनी काढून पुन्हा किट विकली, आणि २००३ मध्ये तो गेला. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती वर्षांचा होता?" मग स्वतःच म्हणाले, "आपल्याला काय करायचंय."

सध्या अडलंय ते बालगंधर्वांच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांवर. त्या आरआयएएच्या आधीच्या, त्यामुळे आपल्या यंत्रातून त्या घोंगडीआडून आल्यासारख्या वाजतात. ट्रेबल पूर्ण वाढवला तरी बाबांचं समाधान होत नाही. त्यांचं म्हणणं, फीडबॅकमधले दोन कंडेन्सर आणि एक रेझिस्टन्स बदलायला एक रोटरी स्विच बसवायचा. वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी ते काढूनही ठेवलंय, रेघा जरा वाकड्या आल्यात. शनिवारी तपकीर गल्लीत जायचंय. मी एकटा जाऊन आणतो म्हटलं, तर म्हणाले, "तू भलताच स्विच आणशील." रिक्षा जाईल तिथपर्यंत ते येणार आहेत.