व्हर्नोनिया शालेय जिल्हा विरुद्ध ॲक्टन

व्हर्नोनिया शालेय जिल्हा विरुद्ध ॲक्टन हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून १९९५ रोजी निकाली काढलेला खटला होय. शाळेच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्यावर कोणताही संशय नसतानाही अमली पदार्थांच्या शोधासाठी त्याची मूत्रचाचणी घेता येते, असा निर्णय न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी दिला. नागरिकांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीचा त्यामुळे भंग होत नाही, असे बहुमताने मानले.

== पार्श्वभूमी ==
व्हर्नोनिया हे ऑरेगन राज्यातील लाकूडतोडीवर जगणारे लहान गाव. (शालेय जिल्हा म्हणजे तेथील सरकारी शाळांचा कारभार पाहणारी स्थानिक संस्था, महसुली जिल्हा नव्हे.) १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिक्षकांना विद्यार्थ्यांमध्ये उद्धटपणा व शिवीगाळ वाढल्याचे जाणवू लागले. १९८८-८९च्या सुमारास शिस्तभंगाची प्रकरणे दशकाच्या आरंभीच्या मानाने दुपटीहून अधिक झाली. नशेबद्दल मुले उघडपणे फुशारकी मारत आणि शाळा आपले काहीही करू शकत नाही, असे बोलून दाखवत.

अशा गावात शालेय खेळांना मोठा मान असतो व खेळाडूंचे अनुकरण होते. नेमके तेच नशेच्या वर्तुळात अग्रभागी असल्याचे न्यायालयात नोंदले गेले. एका मल्लाच्या छातीच्या हाडाला झालेली इजा नशेमुळेच झाली, असे प्रशिक्षकाचे मत होते. खास वर्ग, व्याख्याने, अमली पदार्थ हुंगून शोधणारा कुत्रा असे उपाय झाले. पण फरक पडला नाही. अखेर पालकसभेत उपस्थितांनी एकमुखाने संमती दिल्यावर १९८९मध्ये चाचणीचे धोरण लागू झाले.

== धोरण ==
हंगामाच्या आरंभी सर्व खेळाडूंची आणि पुढे दर आठवड्याला चिठ्ठ्या काढून १० टक्के खेळाडूंची चाचणी होई. ॲम्फेटामाइन, कोकेन व गांजा यांचा शोध घेतला जाई. खेळातील कामगिरी वाढवणाऱ्या द्रव्यांवर धोरणाचा रोख नव्हता. म्हणून हा डोपिंगचा खटला समजण्याची गल्लत करू नये. दोन्ही चाचण्यांत दोष आढळल्यास पालकांना बोलावून विद्यार्थ्यापुढे दोन पर्याय ठेवले जात: साप्ताहिक चाचणीसह सहा आठवड्यांचा साहाय्य कार्यक्रम, किंवा चालू व पुढील हंगामात खेळातून निलंबन. निष्कर्ष पोलिसांना कळवले जात नसत.

== खटला ==
१९९१मध्ये सातवीतील एका विद्यार्थ्याने फुटबॉलसाठी नाव दिले. त्याच्यावर कोणाचाही संशय नव्हता. आईवडिलांनी संमतिपत्रावर सही नाकारली, त्यामुळे त्याला खेळू दिले गेले नाही. जिल्हा न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. अपील न्यायालयाने तो मान्य केला.

सर्वोच्च न्यायालयात बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिला. शाळेत मुले शिक्षकांच्या ताब्यात असतात, शिवाय खेळाडू स्वेच्छेने संघात येतात आणि एकत्र कपडे बदलतात. म्हणून त्यांची खासगीपणाची अपेक्षा कमी ठरते, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता.

न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांचे भिन्नमत अधिक नेमके आहे. शाळेने पुढे केलेली बहुतेक उदाहरणे ओळखता येणाऱ्या विशिष्ट मुलांची होती. त्यांच्यापुरती संशयाधारित चाचणी शक्य असताना निर्दोष मुलांनाही त्यात ओढणे त्यांना अवाजवी वाटले. हा मुलगा ज्या शाळेत शिकत होता, तेथे नशेचा प्रश्न असल्याचा पुरावा जवळजवळ नव्हता, हेही त्यांनी दाखवून दिले.

== नंतरचा परिणाम ==
२००२मध्ये ओक्लाहोमातील एका खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी अशी चाचणी स्पर्धात्मक स्वरूपाच्या सर्व शालेय उपक्रमांना लागू करण्यास मुभा दिली. व्हर्नोनिया निकालात बहुमताच्या बाजूने असलेल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी या वेळी भिन्नमत लिहिले.