नीलगिरीच्या दलदलीत दडलेला पावसाचा इतिहास : पीट म्हणजे काय आणि ते काय सांगतं?

नर्सरीत 'कोकोपीट' मिळतं, त्यामुळे पीट हा शब्द बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असतो. पण कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. खरं पीट दलदलीत तयार होतं. साचलेल्या पाण्यात प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे मेलेलं गवत, शेवाळ, पानं, मुळं पूर्ण कुजत नाहीत. दरवर्षी जुन्या थरावर नवा थर बसतो आणि हजारो वर्षांत काळसर, स्पंजासारखा गाळ साठतो. खालचा थर जुना, वरचा नवा. युरोपात हे वाळवून चुलीत जाळत आले आहेत. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणताना एका माणसाचा मृतदेह सापडला. तो इतका ताजा दिसत होता की पोलिसांना बोलवावं लागलं. तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा निघाला.

आपल्याकडची काळी रेगूर माती मात्र पीट नव्हे. ती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात हवा खेळते, पालापाचोळा कुजून जातो. दख्खनच्या उघड्या पठारावर पीट साठायला हवा तसा बारमाही ओलावा आणि गारवा नाही. तो आहे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, नीलगिरीत. उटीच्या आसपास २,००० मीटरहून उंचावर, टेकड्यांमधल्या सखल दऱ्यांत पीटचे थर आहेत.

या पीटवरचं गाजलेलं काम १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले आर. सुकुमार, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले आर. रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २० हजार वर्षं मागे जाणारी नोंद मांडली. पुढे उटीजवळच्या सँडीनल्ला इथल्या थरांनी ती ४० हजार वर्षांच्या आसपास नेली.

त्यांनी वाचलं काय, तर कार्बन. झाडं हवेतला कार्बन दोन मुख्य पद्धतींनी घेतात. भात, गहू आणि बहुतेक सगळे वृक्ष एका गटात; ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बरीच गवतं दुसऱ्या गटात. दोन्ही गटांत जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण वेगळं असतं, आणि वनस्पती मेल्यावरही ते पीटमध्ये तसंच राहतं. दुसरा गट कोरड्या हवेत तग धरतो. म्हणजे एखाद्या थरात ज्वारीच्या गटाची खूण जास्त दिसली तर तो काळ कोरडा, भाताच्या गटाची दिसली तर ओला. थराचं वय रेडिओकार्बन पद्धतीने काढतात. जोडीला परागकण असतात. त्यांचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की हजारो वर्षांनंतरही सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या कुळातली वनस्पती ते ओळखता येतं. कोळशाचे बारीक कण वणव्यांची साक्ष देतात.

यातून दिसलं ते असं: सुमारे १८ ते २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, नैर्ऋत्य मोसमी पाऊस दुबळा होता आणि डोंगरावर गवत माजलं होतं. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी पावसाने जोर धरला. पुढे साधारण ६ ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुन्हा कोरडा काळ आला, आणि ६०० वर्षांपूर्वीच्या सुमारास एक छोटा ओला टप्पा. कोकण, गोवा, बेळगावला भिजवणारा पाऊस हाच, त्यामुळे ही नोंद एकट्या उटीची म्हणता येत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. हिमयुगात हवेत कार्बन डायऑक्साइडही आजच्या निम्म्याहून कमी होता आणि त्याचाही फायदा त्याच गवतांना मिळतो. गवत वाढलं ते सगळं पावसाच्या तुटीमुळेच, असं छातीठोकपणे म्हणणं बरोबर नाही.

या थरांनी एका जुन्या वादालाही वळण दिलं. नीलगिरीच्या माथ्यावर गवताळ कुरणं आणि दऱ्यांत 'शोला' नावाची बुटकी, दाट जंगलं असं मिश्र चित्र दिसतं. ही कुरणं माणसाने जंगल तोडून-जाळून केली, असं एक मत होतं. कुरण म्हणजे पडीक जागा, या समजुतीने इंग्रजांच्या काळापासून तिथे निलगिरी (युकॅलिप्टस) आणि ऑस्ट्रेलियन वॅटल लावली गेली. पीट सांगतं की गवत तिथे हिमयुगापासून आहे, शेती-गुरं येण्याच्या कितीतरी आधीपासून. चराई आणि वणव्यांनी त्याचा विस्तार बदलला असेल, पण मूळ गवत माणसाचं देणं नव्हे. तोडा समाजाच्या म्हशी ज्या कुरणांवर चरत आल्या, ती 'ओसाड' ठरवून त्यांवर झाडं लावणं ही सरळ चूक होती. (चोर्ला-आंबोलीकडच्या जांभ्या खडकाच्या सड्यांना हा पुरावा जसाच्या तसा लावू नये, ते प्रकरण वेगळं.)

किनाऱ्यावरही असे थर आहेत. केरळातल्या कुट्टनाडमध्ये 'करी' नावाची काळी, आंबट जमीन आहे. कानडी जाणणाऱ्यांना हा शब्द परका वाटणार नाही. तिथेही करी म्हणजे काळं. या जमिनीत पुरलेले लाकडाचे ओंडके सापडतात, कारण आज भात पिकतो तिथे एकेकाळी जंगल होतं.

जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीट आहे, पण मातीतल्या कार्बनचा अंदाजे एक तृतीयांश साठा त्यात आहे. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते, हजारो वर्षं टिकलेलं पीट कुजू लागतं आणि तो कार्बन हवेत जातो. नीलगिरीत दऱ्यांचे तळ कोरडे करून बटाटा, गाजर घेतलं जातं. एकदा नांगर फिरला की वरचे थर एकमेकांत मिसळतात, आणि त्यांची कालगणना पुन्हा लावता येत नाही.